गीझर लावला की घरभर वीज जाते : दोष गीझरचा, वायरिंगचा की ईएलसीबीचा?

प्रश्न छत्रपती संभाजीनगरातल्या एका फ्लॅटमधून आला आहे आणि तो थोडक्यात असा : घरात टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी येते; १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, चार वर्षे जुना गीझर सुरू केला की आठ-दहा मिनिटांत घरातली सगळी वीज जाते. वायरमनने गीझरचा १६ ॲम्पिअरचा एमसीबी काढून ३२ ॲम्पिअरचा बसवला, पण फरक पडला नाही. नंतर एकाने गीझरच्या सॉकेटमधली अर्थची वायर सोडवून ठेवली, तेव्हा काही दिवस सारे सुरळीत चालले. घरच्यांना भीती वाटल्याने ती पुन्हा जोडली, आणि त्रास परत सुरू झाला. अलीकडे तर गीझरचे बटण बंद असतानाही इस्त्री लावल्यावर एक-दोनदा वीज गेली. आता वायरमन म्हणतो की ईएलसीबी खराब आहे, तो काढून ‘डायरेक्ट’ करून देतो. तसे करावे का, की गीझर बदलावा?

डायरेक्ट करू नका, आणि गीझरही इतक्यात भंगारात देऊ नका. प्रश्नात जी माहिती सहज ओघात दिली आहे, तिच्यातच दुरुस्तीचा बराचसा मार्ग दडलेला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पडते ते नेमके काय, हे पाहणे. ‘एमसीबी पडतो’ असे आपण सरसकट म्हणतो, पण वितरण पेटीत दोन वेगळ्या कामांची उपकरणे बसलेली असतात. अरुंद, एका खटक्याचे जे एमसीबी ओळीने असतात, ते फक्त वायरमधून किती प्रवाह जातो आहे ते पाहतात. शॉर्ट झाला तर क्षणार्धात आणि लोड जास्त झाला तर काही वेळाने ते पडतात. त्यांच्या आधी, मेनजवळ, जे रुंद आणि ‘टेस्ट’चे छोटे बटण असलेले उपकरण असते, ते आरसीसीबी. सवयीने आपण त्यालाच ईएलसीबी म्हणतो. ते चोख रोखपालासारखे काम करते : फेजने जितका प्रवाह घरात गेला, तितकाच न्यूट्रलने परत आला का, एवढाच हिशेब ते मांडते. घरगुती आरसीसीबीवर सहसा ३० मिलिॲम्पिअर असा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की जाण्या-येण्यात ३० मिलिॲम्पिअरची तफावत आली तर त्याने पडलेच पाहिजे, आणि प्रमाणानुसार ते १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते. लोड किती आहे याच्याशी त्याला काहीही देणेघेणे नसते.

आपल्याकडे घरभर अंधार होतो, म्हणजे आरसीसीबी पडतो आहे. गीझरचा एमसीबी नव्हे. त्यामुळे एमसीबी १६ चा ३२ केल्याने फरक पडण्याचा प्रश्नच नव्हता. उलट एक नवा धोका मात्र तयार झाला, म्हणून त्याचा हिशेब आधी उरकतो. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ ॲम्पिअर घेतो. १६ चा एमसीबी त्याला भरपूर होता. एमसीबीच्या प्रमाणाप्रमाणे त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी तो पडू नये आणि १.४५ पट वाहिला तर तासाच्या आत पडावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे १६ चा एमसीबी २३ ॲम्पिअरच्या आसपास तासाच्या आत पडणारच, पण ३२ चा ४६ ॲम्पिअरपर्यंत तासभर तग धरू शकतो. भिंतीतल्या पाइपातून गेलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मात्र २० ॲम्पिअरच्या आसपासच सुखाने चालते. उद्या त्या सॉकेटवर काही बिघडले, तर एमसीबी शांत राहील आणि भिंतीतली वायर तापत राहील. तेव्हा दुरुस्तीचे पुढे काहीही होवो, तो ३२ चा एमसीबी काढून १६ चा परत बसवून घ्यावा.

आता अर्थच्या वायरीबद्दल. ती सोडवल्यावर वीज जायची थांबली, ही माहिती निदानाच्या दृष्टीने फार मोलाची आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने तितकीच अंगावर काटा आणणारी आहे. गीझरमधून काही मिलिॲम्पिअर प्रवाह धातूच्या टाकीवर उतरतो, तिथून अर्थच्या वायरीने जमिनीत जातो, आणि तेवढाच हिशेबात कमी पडल्याने आरसीसीबी पडतो. अर्थ सोडवल्यावर गळती बंद झाली नाही. तिचा रस्ता बंद झाला. आजकाल नळाचे पाइप प्लास्टिकचे असतात, त्यामुळे पाइपातूनही तिला वाट मिळाली नाही. टाकी, तिच्यातले पाणी आणि नळाची धातूची तोटी यांवर व्होल्टेज तसेच उभे राहिले, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाने तोटीला हात लावेपर्यंत ते कुणाला कळणारही नव्हते. अर्थ नसली आणि आरसीसीबी असला, तर तो निदान त्या माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागल्याबरोबर पडेल. अर्थही नाही आणि आरसीसीबीही डायरेक्ट केलेला, अशी जोडी जमली तर वाचवणारे काही उरत नाही, कारण माणसाचा जीव घेणारा प्रवाह मिलिॲम्पिअरमध्ये मोजायचा असतो आणि १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला तो कधीच दिसत नाही.

याच माहितीने दुसरी एक शंका बरीचशी दूर होते. बिघाड भिंतीतल्या वायरिंगमध्ये असता, म्हणजे समजा न्यूट्रलची वायर सॉकेटच्या मागच्या लोखंडी पेटीला कुठे टेकत असती, तर नुसती सॉकेटच्या पिनेची अर्थ सोडवून फरक पडला नसता, कारण त्या पेटीला सहसा वेगळी अर्थ असते आणि ती नसली तरी ओली भिंत असते. फरक पडला, याचा अर्थ गळती गीझरच्या अंगातूनच होते आहे. पण गीझरचे बटण बंद असताना इस्त्रीने वीज का जावी? अनेक अनुभवी वायरमनही इथे गोंधळतात आणि आरसीसीबीला दोष देऊन मोकळे होतात.

सॉकेटवरचे साधे बटण फक्त फेज तोडते. एका खटक्याचा एमसीबीही फक्त फेज तोडतो. न्यूट्रल मात्र गीझरच्या एलिमेंटपर्यंत, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीपर्यंत, जोडलेलाच राहतो. म्हणजे बटण ‘बंद’ असले तरी गीझर घराच्या वायरिंगपासून सुटलेला नसतो. त्यासाठी प्लग काढावा लागतो किंवा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच असावा लागतो. न्यूट्रलवर व्होल्टेज नसते असे आपण मानतो, तेही पूर्ण खरे नाही. लोड चालू असताना न्यूट्रलच्या वायरीतच थोडे व्होल्टेज पडते, आणि घरातला न्यूट्रल अर्थच्या तुलनेत दोन-तीन व्होल्टवर असणे अगदी नेहमीचे आहे. समजा एलिमेंटचे न्यूट्रलकडचे टोक ओलीमुळे टाकीला १०० ओहमने जोडले गेले आहे. इस्त्री लावली, न्यूट्रल २ व्होल्टवर गेला, की २० मिलिॲम्पिअर त्या वाटेने अर्थमध्ये जाणार. त्यात टीव्ही, संगणक, वॉशिंग मशीन, एलईडी दिवे यांच्या फिल्टरमधून नेहमीच होणारी थोडी-थोडी गळती मिळवली, की आरसीसीबीचा तोल जातो. इस्त्री बिचारी निमित्तमात्र ठरते.

यावरून माझा अंदाज असा आहे की दोष एलिमेंटच्या फेजकडच्या टोकाला नसून न्यूट्रलकडच्या टोकाजवळ आहे. फेजच्या टोकाजवळ इतकी गळती असती, तर बटण दाबताक्षणी आरसीसीबी पडला असता; तिथे पूर्ण २३० व्होल्ट असतात, आणि साधा ५ किलोओहमचा ओलावाही ४६ मिलिॲम्पिअर वाहून नेतो. न्यूट्रलच्या टोकाजवळ व्होल्टेज अगदी थोडे असल्याने आठ-दहा मिनिटे निभावते. मग एलिमेंट तापते, प्रसरण पावते, बारीक चीर उघडते, कडांशी साचलेला ओलावा पसरतो आणि तोल जातो.

एलिमेंटची रचना लक्षात घेतली की हे का होते ते उलगडते. तांब्याच्या किंवा मिश्रधातूच्या नळीत मधोमध तापणारी तार असते आणि नळी व तार यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता नेते आणि वीज अडवते, पण ती ओलावा ओढून घेते. नळीला केसाएवढी चीर पडली किंवा टोकाचे सील सैल झाले, की भुकटी दमट होते आणि वीज अडवण्याचा तिचा गुण जातो. आपल्याकडे टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी येते असे आपण लिहिले आहे. अशा जड पाण्याचा क्षार एलिमेंटवर पांढऱ्या कवचासारखा जमतो. त्या कवचामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, नळी आतल्या आत जास्त तापते आणि कुठेतरी तडकते. अशा पाण्यावर चार वर्षांत एलिमेंट जाणे हे मला मुळीच नवलाचे वाटत नाही.

भुकटीच्या ओलाव्याचा उलटा प्रकारही घडतो. बरेच दिवस न वापरलेली इस्त्री किंवा ओव्हन पावसाळ्यात लावल्यावर आरसीसीबी पाडतो आणि एकदा कोरडा झाला की वर्षभर तक्रार करत नाही. पाण्यात बुडालेल्या एलिमेंटला अशी संधी नसते. तिथे गळती वाढतच जाते.

आता तपासणीचा क्रम. गीझरचा प्लग पूर्ण काढून ठेवावा आणि दोन-तीन दिवस इस्त्रीसह बाकी घर नेहमीसारखे चालवावे. या काळात एकदाही वीज गेली नाही, तर संशयित नक्की झाला. वीज गेली आणि तीही फक्त इस्त्री लावल्यावरच, तर इस्त्रीही तपासावी लागेल. प्लग काढल्यावर त्याच्या पिना पाहाव्यात : एखादी पिन काळवंडली असेल किंवा सॉकेटचे प्लास्टिक वितळले असेल, तर तो सैल जोडणीचा वेगळा आजार आहे आणि सॉकेट व प्लग दोन्ही बदलायला हवेत.

मल्टिमीटर असेल तर गीझर थंड असताना, प्लग हातात घेऊन, फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये रोध मोजावा. २ किलोवॅटच्या एलिमेंटला तो २६ ओहमच्या आसपास दाखवेल. थर्मोस्टॅटने, म्हणजे पाणी तापले की वीज तोडणाऱ्या भागाने, वाट तोडलेली असेल किंवा गीझरवरचे स्वतःचे बटण बंद असेल तर काहीच दाखवणार नाही. तेव्हा तेवढ्यावरून एलिमेंट जळाले असे ठरवू नये. नंतर अर्थची जाड पिन आणि टाकीचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजावे; तिथे एक ओहमपेक्षाही कमी यायला हवे, कारण गीझरच्या आतली अर्थ जोडलेली आहे याचा तोच पुरावा. शेवटी अर्थची पिन आणि बाकीच्या दोन पिना यांच्यामध्ये मोजावे. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही किलोओहमचा आकडा आला तर निकाल तिथेच लागला.

मात्र ही शेवटची मोजणी फसवी ठरू शकते. मीटर आपल्या छोट्या बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो, आणि थंड एलिमेंटची चीर मिटलेली असते, त्यामुळे ‘सगळे ठीक आहे’ असे उत्तर येऊ शकते. माझा शिरस्ता असा आहे की गीझर चालू करून आरसीसीबी पडू द्यायचा, पडल्याबरोबर प्लग काढायचा आणि एलिमेंट गरम असतानाच मोजायचे. सकाळी थंड असताना गप्प बसलेला मीटर त्या वेळी बोलू लागतो. तरीही खात्री हवी असेल तर वायरमनकडून मेगर लावून घ्यावा. तो ५०० व्होल्टवर रोध मोजतो आणि घरगुती उपकरणाला निदान १ मेगाओहम यावा अशी अपेक्षा ठेवावी. मेगर नसलेला वायरमन ‘ईएलसीबी खराब आहे’ असे म्हणत असेल, तर ते निदान नसून अंदाज आहे.

ईएलसीबी खरोखर खराब असू शकतो का? असू शकतो, पण तेही तपासता येते. मेन बंद करून परवानाधारक वायरमनने आरसीसीबीच्या घराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि मग तो चालू करून पाहावा. पुढे काहीच जोडलेले नसताना तो पडला तर तो नक्की बिघडलेला आहे. पडला नाही तर घराकडे पाहावे. टेस्टचे बटण दर दोन-तीन महिन्यांनी दाबून पाहावे आणि ते दाबूनही आरसीसीबी पडला नाही तर तो लगेच बदलावा. मात्र त्या बटणाला अर्थची गरज नसते, ते आतल्या आतच तफावत निर्माण करते. म्हणून बटणाने आरसीसीबी पडला याचा अर्थ घराची अर्थिंग चांगली आहे असा होत नाही. आणि पडलेला खटका हाताने वर दाबून धरण्याचा प्रकार कुणी करत असेल तर तो व्यर्थ आहे, कारण खटका वर धरला तरी आतले संपर्क सुटतातच.

घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर असेल तर एक जास्तीची शंका घ्यावी. इन्व्हर्टर बसवताना त्याच्या बाजूचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेला, की एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परत येतो आणि कुठलेही उपकरण बिघडलेले नसताना आरसीसीबी पडत राहतो. आपल्याकडे गीझरची अर्थ सोडवल्यावर त्रास थांबला होता, म्हणून ही शक्यता मी मागे ठेवतो. पण गीझर काढूनही वीज जात राहिली तर शोध इथूनच सुरू करावा.

आणखी एक पाहावे : सॉकेटला फेज आणि न्यूट्रल योग्य बाजूंना आहेत ना. आपण समोरून पाहिल्यास वरचे मोठे भोक अर्थचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असते. ही जोडणी उलटी असेल तर बटण आणि थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतात, आणि पाणी तापून गीझर ‘बंद’ झाल्यावरही सबंध एलिमेंट २३० व्होल्टवर टांगलेले राहते.

गीझर उघडायचा तो तंत्रज्ञानेच. उभ्या गीझरचे खालचे झाकण काढले की एलिमेंटची टोके, थर्मोस्टॅट आणि रबरी गॅस्केट बसवलेली गोल चकती समोर येते. टोकांभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड किंवा चकतीच्या कडेने आलेला तपकिरी ओघळ दिसला, तर पाणी गॅस्केटमधून झिरपून टोकांवर येते आहे आणि एलिमेंट कदाचित अजून शाबूत आहे. अशा वेळी गॅस्केट बदलून, टोके कोरडी करून, पुन्हा मेगर लावून पाहावे. एलिमेंटच गेले असेल तर ते नवे टाकणे हा नवा गीझर घेण्याच्या मानाने किरकोळ खर्च आहे. त्याच वेळी टाकीतला क्षार काढून मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही बदलून घ्यावा, कारण टाकीऐवजी गंजायचे काम तो करत असतो आणि जड पाण्यात लवकर संपतो. टाकीच गळत असेल, तरच गीझर बदलावा.

एलिमेंट बदलल्यावर गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून हवेशिवाय सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी आणि त्यानंतरच वीज सुरू करावी. कोरड्या टाकीत नवे एलिमेंट थोड्याच वेळात जळते. मग थर्मोस्टॅट आपणहून बंद होईपर्यंत गीझर चालवावा, तो गरम असताना वर सांगितलेली अर्थची मोजणी पुन्हा करावी, बटण बंद ठेवून इस्त्री लावून पाहावी, आणि जमल्यास सॉकेटचे साधे बटण काढून तिथे २० ॲम्पिअरचा डबल पोल स्विच बसवून घ्यावा, म्हणजे पुढच्या वेळी गीझर बंद केला की तो दोन्ही वायरींनी बंद होईल.